जंगलानं भणभण्याची जिरवली

एका जंगलात तळ्याच्या काठी एक टिटवी राहत असे, आणि राहण्यापेक्षा ती ओरडतच जास्त असे. पान पडलं, ओरड. बेडूक उडाला, ओरड. आभाळ अंगावर पडेल म्हणून टिटवी पाय वर करून झोपते, अशी तिची थट्टा माणसंसुद्धा करतात. ती गोष्ट मात्र साफ खोटी आहे, टिटवी तुमच्याआमच्यासारखीच नीट झोपते. उगाच कुणाचं काहीबाही पसरवू नये.

तर मुलांनो, तिच्या ओरडण्याला हसू नका, कारण सगळं जंगल त्यावर चालायचं. त्या जंगलाची रीतच होती. काही वेगळं दिसलं की पहिली बोंब टिटवीनं मारायची, मग झाडावरून वानरांनी, मग मोरानं, मग ज्याला जसा गळा असेल त्यानं. बिबट्याचं सगळं काम चोरून चालतं. एकदा का सगळ्यांनी ‘पाहिलं, पाहिलं’ म्हणून गिल्ला केला, की त्या दिवशी त्याला उपास घडणार हे नक्की. मग तो आपण जणू हवा खायलाच आलो होतो असं दाखवत, शेपूट हलवत निघून जायचा. ससाण्याचंही तेच, कोल्ह्याचंही तेच. वाडवडलांपासून हा उपाय कधी चुकला नव्हता.

त्या उन्हाळ्यात टिटवीनं चार अंडी घातली. टिटवीच्या जातीत घरटं-बिरटं बांधायची भानगड नाही. उघड्यावर, खड्यांमध्ये जराशी खळगी करायची, चार खडे इकडचे तिकडे सारायचे, झाला संसार. अंडीही खड्यांच्याच रंगाची. तुम्ही अगदी शेजारून गेलात तरी कळणार नाही. आणि कृपा करून जाऊच नका, पाय पडेल. या घराला एकच भीती, ती म्हणजे दुपारचं ऊन. सूर्य डोक्यावर आला की खडे तव्यासारखे तापतात. तेव्हा अंड्यांवर कुणीतरी बसलेलं लागतंच. टिटवी तळ्यात जाऊन पोटाची पिसं चिंब भिजवून यायची आणि अंड्यांवर बसायची, म्हणजे अंडी गार राहायची. ती पाण्यावर गेली की टिटवा बसायचा. दोघंही उठली आणि अंडी भर दुपारी उघडी पडली, तर आतलं पिल्लू जगत नाही. एवढं नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

एके दिवशी तळ्यापलीकडच्या टेकडीवर दोन तरुण आले. एकाचं नाव पुष्कर, दुसऱ्याला सगळे चिन्या म्हणत. त्यांनी पेटीतून काहीतरी काढलं, जमिनीवर ठेवलं, आणि ते भणभणत थेट आभाळात चढलं. तुम्ही ओळखलंत, तो ड्रोन होता. पण जंगलात कुणाला ठाऊक? चार पंखे, मधे एक डोळा, ना चोच, ना शेपूट. वानरीण म्हणाली, “हा कुठला भणभण्या आला बाई?” आणि तेच नाव पडलं.

टिटवीनं बोंब मारली. रीतीप्रमाणे वानरं खेकसली, मोर केकाटला, रानडुक्कर उगाचच गोल गोल धावलं. टिटवा आणि टिटवी दोघंही आभाळात चढून भणभण्याच्या अंगावर झेपा घेऊ लागली. ससाणा असता तर एवढ्यात दिसेनासा झाला असता. हा गेला तर नाहीच, उलट खाली आला! जो जास्त ओरडेल त्याच्याजवळ जायचा आणि डोळा वटारून बघत बसायचा. कितीतरी वेळानं तो आपण होऊन परत गेला, तेव्हा टिटवीला अंड्यांची आठवण झाली. ती धावत आली. अंडी हाताला, म्हणजे पोटाला, चटके देत होती. तिनं पाणी आणून आणून त्यांना गार केलं. बऱ्याच वेळानं आत बारीकशी हालचाल जाणवली तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

“उद्या येऊ दे मेल्याला,” टिटवा छाती फुगवून म्हणाला, “बघतोच!”

“अहो, बघणं पुरे झालं,” टिटवी म्हणाली, “त्याला घालवायचं कसं ते बोला.”

मग काय, सगळ्या जंगलाला जोर चढला. ज्याच्या त्याच्या डोक्यात एकेक युक्ती. वानरांनी कच्च्या उंबरांचा ढीग जमवला आणि भणभण्या येताच मारा सुरू केला. नेम असा, की एकही उंबर भणभण्याला लागलं नाही आणि रानडुकराच्या पाठीवर मात्र टेंगळं आली. रानडुक्कर म्हणालं, “सरा बाजूला, हे तुमचं काम नव्हे.” त्यानं तळ्याकाठचा चिखल नाकाडानं उडवायला घेतला. तो सगळा चिखल बगळ्यांच्या अंगावर. बगळे काही बोलले नाहीत, पण दोन दिवस ते कावळ्यांत मोजले जात होते. उदमांजर आलं, शेपटी वर करून त्यानं असा काही वास सोडला की अर्धं जंगल तळ्यात उड्या मारून बसलं. भणभण्या जागचा हलला नाही. त्याला नाकच नव्हतं! कोळिणीनं दोन झाडांमध्ये रात्रभर खपून जाळं विणलं, नुसतं नक्षीकाम. भणभण्या आरामात त्याच्या वरून गेला, आणि सकाळी घाईत निघालेलं घुबड त्यात अडकलं. घुबड आजही कोळिणीशी बोलत नाही.

मोरानं तर कमालच केली. “मी घाबरवतो त्याला,” म्हणून तो पुढे झाला आणि हजार डोळ्यांचा पिसारा त्यानं एकदम फुलवला. भणभण्या त्याच्यासमोर येऊन थांबला. मोर डावीकडे वळला, भणभण्याही वळला. मोर नाचला, भणभण्या जवळ आला. घाबरवायचं राहिलं बाजूला, मोर पायाखालची जमीन विसरून नाचत राहिला.

“कसा घाबरला, पाहिलंत?” तो नंतर म्हणाला.

“हो, फारच घाबरला,” वानरीण म्हणाली, “अगदी तुला सोडून जाववत नव्हतं त्याला.”

या सगळ्या धुमाकुळात टिटवा-टिटवी रोज उठत होती, रोज ओरडत होती, झेपा घेत होती. करणार काय बिचारी, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आणि एक दिवस एकाच्या जागी तीन भणभणे आले. त्या दिवशी तर नुसता कल्लोळ झाला. टिटवी परतली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिनं एकेका अंड्याला पोट लावून पाहिलं. तीन अंड्यांत हालचाल होती, चौथ्यात नव्हती. ती रात्री उशिरापर्यंत त्याला ऊब देत राहिली, पण ते हललं नाही. मी हे गोड करून सांगणार नाही, मुलांनो. ते पिल्लू गेलं. टिटवीला इतकं वाईट वाटलं की आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून आवाज फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी भणभण्या आला तेव्हा टिटवा ओरडत वर गेला. पण टिटवी उठलीच नाही. तिच्यात बळच नव्हतं. ती तीन अंड्यांवर बसून नुसती बघत राहिली, आणि बसल्या बसल्या तिला एक गंमत दिसली. तळ्यात एक म्हैस डुंबत होती. पलीकडच्या वाडीतली ही म्हैस रोज दुपारी यायची आणि नाकापर्यंत पाण्यात बसून रवंथ करायची. भणभण्या तिच्या डोक्यावर येऊन थांबला. म्हशीनं वर पाहिलं. मग खाली पाहिलं. मग एक कान हलवला. बस्स. भणभण्या जरा वेळ थांबला आणि चक्क निघून गेला! पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. तो गेला कुठे? तर जिथे टिटवा बोंबलत होता तिथे.

टिटवीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं कावळ्याला बोलावलं. कावळा रोज टेकडीवर त्या दोघा तरुणांच्या डब्याभोवती घुटमळत असे, त्याला तिथलं सगळं ठाऊक होतं.

“काय रे, ती माणसं तिथे बसून काय बोलतात?”

“मला काय, मी फरसाणासाठी जातो,” कावळा मान वाकडी करून म्हणाला. “पण आपण ओरडलो की ती दोघं टाळ्या पिटतात. मोर नाचला त्या दिवशी तर तो चिन्या मांडी थोपटून म्हणाला, ‘पुष्कऱ्या, काय सीन मिळालाय! लोक वेडे होतील!’ आणि झालेही असावेत, कारण दुसऱ्या दिवशी आणखी दोघे जण आपापले भणभणे घेऊन आले. टिटवा झेप घेतो ते त्यांना सगळ्यात आवडतं. परत परत बघतात आणि हसतात.”

“हसतात?” टिटवी म्हणाली.

“पोट धरून हसतात.”

टिटवीला राग आला, भयंकर राग आला. तिचं पिल्लू जात होतं आणि तिकडे लोक हसत होते. पण रागापाठोपाठ तिला सगळं कळलंही. तिनं त्याच संध्याकाळी सगळ्यांना तळ्याकाठी गोळा केलं.

“आपलं चुकलं,” ती म्हणाली. “बिबट्याला आपण पाहिलं की त्याचं काम बिघडतं, म्हणून तो जातो. हा भणभण्या शिकारीला येत नाही, गंमत बघायला येतो. आपण ओरडलो की त्याचं काम फत्ते होतं! आपणच रोज त्याला पान वाढून ठेवतोय.”

“मग करायचं काय?” रानडुकरानं विचारलं.

“काहीच नाही.”

“काहीच नाही म्हणजे काय काय?”

“अहो, काहीच नाही म्हणजे काहीच नाही! तो आला की इतकं कंटाळवाणं व्हायचं, इतकं कंटाळवाणं, की त्याला जांभया आल्या पाहिजेत. या म्हैसबाईंसारखं.”

म्हैस तिथेच चिखलात बसली होती. तिनं तोंड हलवायचं थांबवलं. “म्हणजे मी कंटाळवाणी?”

“नाही हो, तसं नाही,” टिटवी गडबडली.

“मग कसं?”

“तसंच,” टिटवी म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे.

म्हशीनं बराच वेळ विचार केला. मग ती प्रसन्न होऊन म्हणाली, “असू दे. आजवर माझ्याकडे कुणी काही शिकायला आलं नव्हतं. बसा सगळे ओळीनं.” आणि खरोखर तिनं शिकवणी घेतली. एका जागी कसं बसायचं, डोळे अर्धे कसे मिटायचे, माशी बसली तर कुठला कान हलवायचा. वानरांचे हाल हाल झाले. त्यांना खाज सुटे, उडी सुटे, हसू सुटे. बगळ्यांना मात्र वेगळं काही करावं लागलंच नाही.

अडला तो एकटा मोर. “मला नाही जमायचं,” तो म्हणाला. “मला आवडतं तो बघतो तेव्हा. खोटं कशाला बोलू? या जंगलात माझ्या पिसाऱ्याकडे कुणी मान वळवून बघत नाही.”

सगळे त्याच्यावर तुटून पडणार होते, पण टिटवीनं थांबवलं. ती मोराजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “मोरराव, माझी चार होती. आता तीन आहेत.”

मोर खाली बघू लागला. “मी प्रयत्न करीन,” तो म्हणाला. “पण भरवसा देत नाही. तो समोर आला की माझं मला आवरत नाही.”

“त्याची काळजी माझ्याकडे सोपव,” वानरीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं आणि भणभण्या आला. सगळं जंगल गप्प. वानरं फांद्यांवर ओळीनं बसून आपापल्या गुडघ्यांकडे बघत होती. रानडुक्कर आडवं पडलं होतं आणि पहिल्या दहा श्वासांतच खरोखर झोपी गेलं होतं. उदमांजर पानांआड पालथं पडलं होतं. मोर जांभळाखाली उभा होता आणि त्याच्या मिटलेल्या पिसाऱ्यावर वानरीण ऐसपैस मांडी घालून बसली होती. भणभण्या त्यांच्यासमोर येऊन थांबला.

“फक्त एकदा,” मोर पुटपुटला. “अर्धाच उघडतो.”

“उघड की,” वानरीण ओठ न हलवता म्हणाली. “पिसारा तुझा आहे, वजन माझं आहे.”

भणभण्यानं सगळ्या जंगलावरून चकरा मारल्या, पण त्याला काहीच मिळेना. शेवटी त्याला तळ्याकाठच्या खड्यांमध्ये एक पक्षी बसलेला दिसला आणि तो तिकडे खाली उतरू लागला.

आता खरी कसोटी होती. टिटवी अंड्यांवर होती. तिचं पोट भिजलेलं होतं, अंडी गार होती, आणि ती उठली नाही तर अंडी तशीच राहणार होती. भणभण्या खाली आला, आणखी खाली आला. त्याच्या वाऱ्यानं तिची पिसं उलटी झाली, डोळ्यांत माती गेली. तिला भीती वाटत होती, फार भीती वाटत होती. ओरडणं तिच्या गळ्याशी येऊन थडकत होतं आणि ती ते गिळत होती. पलीकडच्या काठावर टिटव्याची अवस्था तर बघवत नव्हती. आपल्या बायकोच्या डोक्यावर तो राक्षस, आणि आपण गप्प! शेवटी त्यानं ओरडू नये म्हणून स्वतःची चोच गपकन चिखलात खुपसली आणि तसाच उभा राहिला.

टेकडीवर पुष्करनं विचारलं, “चिन्या, काय दिसतंय?”

“एक पक्षी आहे.”

“काय करतोय?”

“बसलाय.”

“जवळ जा जरा. आता?”

“आता जवळून बसलाय.”

“अरे, हे काय आहे? परवापर्यंत किती झकास होतं सगळं! आज सगळं जंगल दुपारचं जेवून लवंडल्यासारखं झालंय.”

“बॅटरी उगाच जाळतोय आपण,” चिन्या म्हणाला आणि त्यानं भणभण्याला परत बोलावलं.

भणभण्या वर चढला, लहान लहान होत गेला आणि टेकडीआड गेला. तरी कुणी हललं नाही, कारण म्हशीनं सांगितलं होतं की घाई करायची नाही. मग टिटव्यानं चिखलातून चोच उपसली आणि तो टिटवीजवळ येऊन बसला. “अहो, चोच पुसा,” टिटवी म्हणाली.

भणभण्या लगेच यायचा थांबला असं समजू नका. असली मंडळी इतक्या सहजी हार मानत नाहीत. तो पुढेही दोन-तीनदा येऊन गेला, आणि दर वेळी त्याला जास्तच कंटाळवाणं जंगल दिसलं. वानरांना तर आता त्यात मजा वाटू लागली होती. कोण जास्त मख्ख दिसतो याच्या पैजा लागायच्या. मग एक दिवस टेकडीवर कुणीच आलं नाही, आणि त्यानंतर कधीच आलं नाही. कावळ्याचं फरसाण बंद झालं म्हणून तो चार दिवस तोंड पाडून फिरला, आणि मग वाडीतल्या कुणाच्या तरी अंगणात त्याला वाळत घातलेल्या कुरडया सापडल्या. मोरासाठी मात्र वानरीण संध्याकाळी लेकुरवाळ्यांना घेऊन मुद्दाम समोर येऊन बसू लागली. मोर नाचायचा आणि सगळी पिल्लं माना वळवून बघायची.

आणि टिटवीची अंडी? एका सकाळी ऊन तापायच्या आधीच एकाला तडा गेला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. काटकुळ्या पायांची तीन पिल्लं बाहेर आली आणि अंग वाळायच्या आत खड्यांमधून तुरुतुरु पळायला लागली. टिटवीनं ती पाहिली, तोंड उघडलं, आणि इतक्या दिवसांचं गिळलेलं सगळं ओरडणं एकदम बाहेर काढलं. सगळं जंगल दचकून जागं झालं. वानरीण फांदीवरून पडता पडता वाचली. म्हशीनंसुद्धा दोन्ही कान हलवले. पण त्या दिवशी टिटवी दिवसभर ओरडत राहिली तरी, “अगं बाई, पुरे कर,” असं तिला कुणीही म्हटलं नाही.

तात्पर्य : चोराला पळवायचं तर आरडाओरडा करावा, फुकटचा तमाशा बघायला आलेल्याला पळवायचं, तर आपला तमाशाच बंद ठेवावा.